जळगाव ते दुबई, एकटीने: ४८ तासांचा हिशोब (सविस्तर अनुभव, थोडा लांबलाय)

तापीकाठची | ९ नोव्हेंबर २०२१, दुपारी ३:१०

नमस्कार. मी फैजपूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वय ६१. गेल्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, आणि तेही एकटी. निघण्याआधी इथले जुने धागे खूप चाळले. मुंबई-पुण्याच्या लोकांनी लिहिलेलं बरंच सापडलं. पण रावेर-यावल-चोपड्याकडून निघणाऱ्या माणसाने काय करायचं, ते कुणी लिहिलेलं नव्हतं. मुंबईकराचा प्रवास विमानतळावर सुरू होतो. आपला दोन दिवस आधी सुरू होतो, आणि नियम तर तासांत मोजतात. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

लेक दुबईत असते. पहिलं बाळंतपण, नोव्हेंबरअखेरची तारीख. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तिला सातव्या महिन्यात माहेरी आणायचं असं मनात होतं, पण यंदाच्या एप्रिल-मेमध्ये कोरोनाच्या लाटेत जळगावात जे डोळ्यांनी पाहिलं, त्यानंतर तो विषय आम्हीच बंद केला. शिवाय २४ एप्रिलच्या रात्रीपासून भारतातून तिकडे जाण्याची वाट बंद झाली ती थेट ऑगस्टपर्यंत. ती इकडे येऊन अडकली असती तर? म्हणून ठरलं की आईबापांनीच जायचं.

त्यातही दोघांनी जायचं होतं. पण लसीने घोळ केला. एप्रिलमध्ये ग्रामीण रुग्णालयात ज्या दिवशी जी लस आली ती माणसांनी घेतली, निवड करायला होतं काय कुणाच्या हातात? ह्यांना कोव्हॅक्सिन मिळाली, मला आठ दिवसांनी कोविशिल्ड. ३० ऑगस्टपासून तिकडच्या सरकारने पर्यटक व्हिसा उघडला तो जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या लसींच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी. कोव्हॅक्सिन तेव्हा त्या यादीत नव्हती. ती मान्यता आली ३ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, आणि मी निघाले होते २७ ऑक्टोबरला. सात दिवसांचा फरक. ह्यांनी फोनवर एवढंच म्हटलं, "असू दे, कापूस वेचायला तरी कुणी हवंच होतं घरी."

कागदपत्रांतली एकच गोष्ट सांगते, कारण ती आपल्याकडच्या बायकांना हमखास नडणार आहे. माझ्या आधारावर नावामागे 'बाई' आहे, पासपोर्टवर नाही. लस आधारावर घेतली, म्हणून प्रमाणपत्रावरही 'बाई' आलं. कोविनवर, म्हणजे लसनोंदणीच्या संकेतस्थळावर, पासपोर्ट क्रमांक जोडायची सोय आहे, तशीच नाव दुरुस्त करायचीही. पण नावाची दुरुस्ती एकदाच करता येते. घाईत चुकीचं अक्षर टाकू नका. मी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवलं, दोघींनी पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं, मग बटण दाबलं.

आता मुख्य हिशोब.

दुबईचा नियम असा होता: विमान सुटण्याआधीच्या ४८ तासांत दिलेल्या नमुन्याचा आरटीपीसीआर अहवाल, त्यावर क्यूआर कोड. मग विमानतळावर सुटण्याच्या आधीच्या ६ तासांत रॅपिड पीसीआर. आणि तिकडे उतरल्यावर पुन्हा एकदा तपासणी. ४८ तास मोजायचे ते नाकात काडी घातली त्या मिनिटापासून, अहवाल आला तेव्हापासून नव्हे. हे मला माझ्या लेकीने तीन वेळा सांगितलं तेव्हा कुठे नीट उमगलं.

माझं विमान बुधवारी दुपारी ४:१५ चं. म्हणजे सोमवारी ४:१५ च्या आधी नमुना देऊन उपयोग नाही. सोमवारी संध्याकाळी ५ ला दिला तर अहवाल निवांत हातात येतो, पण मग पाऊण तासच शिल्लक. विमानाला तासभर उशीर झाला की सगळं वाया. मंगळवारी सकाळी दिला तर भरपूर तास शिल्लक, पण अहवाल रात्री उशिरा येणार, आणि रात्रीच मला गाडी पकडायची. म्हणजे अहवाल हातात नसताना घर सोडायचं. दोन दिवस मी आणि हे अंगणात बसून पाटीवर हे गणित मांडत होतो. शेवटी मंगळवार ठरला. उशीर विमानाचा झाला तर माझ्या हातात काही नाही, अहवालाचा झाला तर निदान प्रयोगशाळेच्या दारात कुणाला तरी उभं करता येतं, हा विचार केला.

मंगळवारी सकाळी ९:२० ला जळगावात नमुना दिला. तिथल्या मुलाला म्हटलं, "बाळा, पासपोर्ट नंबर टाक आणि वेळ टाक." तो "हो काकू" म्हणाला. मी त्याचा मोबाइल नंबर वहीत लिहून घेतला. त्या एका ओळीने पुढे मला वाचवलं.

दिवसभर भावाकडे थांबले. रात्री गाडी. रेल्वेत तेव्हा आरक्षण असेल तरच चढता येत होतं, आणि वातानुकूलित डब्यात चादर-उशी देत नव्हते, म्हणून घरची शाल आणि चादर बरोबर. स्टेशनवर गर्दी नको म्हणून मी ह्यांना बाहेरूनच परत पाठवलं. ते काही बोलले नाहीत, फक्त बॅगेच्या चाकाला अडकलेली सुतळी वाकून सोडवली आणि गेले. चाळीस वर्षांत मी कधी त्यांच्याशिवाय नाशिकच्या पुढे गेले नव्हते.

झोप लागणं शक्यच नव्हतं. पाचोरा गेलं, चाळीसगाव गेलं. मनमाडला गाडी उभी असताना फोन थरथरला. अहवाल. निगेटिव्ह. हात जोडले. मग चष्मा लावून नीट वाचलं तर नमुना घेतल्याची फक्त तारीख होती, वेळ नव्हती. पासपोर्ट क्रमांक होता, क्यूआर होता, वेळेच्या जागी आडवी रेघ.

नुसत्या तारखेवर ४८ तास कसे सिद्ध करणार? २६ तारीख म्हणजे पहाटेही असू शकते आणि रात्रीही. लेकीला संदेश टाकला. ती जागीच होती. म्हणाली, "आई, याच कारणाने माणसं परत पाठवलेली मी ऐकली आहेत. वेळ लिहून घे." इगतपुरी ते कसारा मी नुसती बसून होते. बोगद्यांत नेटवर्क जातं, परत येतं, आणि दर वेळी मी फोन बघते. बाहेर अंधार.

सहा वाजता त्या मुलाला फोन केला. झोपेतून उठला. मी चिडणार होते, पण त्याचा आवाज ऐकला आणि वर्गातली मुलं आठवली. शांतपणे सांगितलं की बाळा, माझी लेक दिवस भरत आलेली आहे आणि तुझ्या एका रेघेसाठी मी मुंबईतून परत फिरेन. तो म्हणाला, "काकू, साडेआठला लॅब उघडते, मी साडेसातलाच जातो." आणि गेला खरंच. ८:५० ला मी टॅक्सीत पार्ल्याजवळ असताना नवा अहवाल आला: २६ ऑक्टोबर, सकाळी ९:२०.

विमानतळावर आत जाताना तिकीट, पासपोर्ट. नंतर रॅपिड पीसीआरची रांग. १०:१५ च्या आधी नमुना दिला असता तर तो ६ तासांच्या बाहेर गेला असता, म्हणून मी लवकर पोहोचूनही थांबले. तिथे माझ्या शेजारी तीन पोरं बसली होती. एक नंदुरबारकडचा, दोन उत्तर प्रदेशातले. दीड वर्षाने कामावर परत चालली होती. अर्ज इंग्रजीत. नंदुरबारचा मला हळूच म्हणाला, "मावशी, एवढं भरून द्याल?" मी तिघांचेही भरले. पासपोर्ट क्रमांक, उड्डाण क्रमांक, तिथला पत्ता, मोबाइल. पत्ता विचारला तर एकाने खिशातून घडी घालून घालून फाटलेला कागद काढला, लेबर कॅम्पचा. माझे हात सकाळपासून थरथरत होते, ते त्या तासाभरात थांबले.

मग नमुना, मग वाट बघणं. अर्धा-पाऊण तास. त्या खुर्च्यांवर कुणी कुणाशी बोलत नाही. नाव पुकारलं की माणूस उठतो आणि तो परत येताना सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. आमच्यातल्या चौघांचेही निगेटिव्ह आले. पण आमच्या मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांना बाजूला घेतलं. ते बराच वेळ भिंतीला टेकून उभे होते. मला अजून ते दिसतात.

पुढचं चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा यांत फारसं काही सांगण्यासारखं नाही. विचारत गेलं की लोक सांगतात. विमानात चेहऱ्यावर लावायची पारदर्शक ढाल दिली, मधल्या आसनावरच्याला वर अंगभर झगाही. मास्क, ढाल आणि चष्मा, तिन्ही एकत्र म्हणजे चष्म्यावर सारखं धुकं. खिडकी होती, पण मी अर्धा अरबी समुद्र धुक्यातूनच पाहिला. तीन तासांत उतरलो. तिथे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

उतरल्यावर पुन्हा नाकात काडी. त्यांचं एक ॲप फोनमध्ये घ्यावं लागायचं, निकाल त्यावर यायचा. तो येईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. बाहेर लेक आणि जावई उभे होते. दहा पावलांवर. पोट पुढे आलेलं, चेहरा सुजलेला. मी हात वर केला आणि म्हटलं, "थांब. निकाल येऊ दे." तिने ऐकलं, पण तिचे डोळे भरले. घरी मी वेगळ्या खोलीत. जावयांनी दारात ताट ठेवलं. रात्रभर भिंतीपलीकडे तिच्या पावलांचा आवाज येत होता, तिलाही झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ॲपवर निकाल आला. मी दार उघडलं तेव्हा ती दाराला टेकूनच बसलेली होती.

काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. वेळ आहे माझ्याकडे, बाळ अजून आलेलं नाही.

---

गिरणाकाठ | ९ नोव्हेंबर २०२१, सायंकाळी ६:४०

ताई, एका दमात वाचून काढलं. आईला डिसेंबरात शारजाला भावाकडे पाठवायचं चाललंय, ती पण एकटीच. मी चाळीसगावचा.

एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडून नमुना देऊन निघण्यापेक्षा दोन दिवस आधीच मुंबई गाठावी आणि तिथे तपासणी करावी, हे जास्त सुरक्षित नाही का? कल्याण-डोंबिवलीत आपल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी आहे. अहवालात चूक निघाली तर लॅब हाकेच्या अंतरावर. तुम्ही जी रात्र काढली ती माझ्या आईला झेपणार नाही, तिला बीपी आहे.

---

तापीकाठची | ९ नोव्हेंबर २०२१, रात्री ८:०५

@गिरणाकाठ, बीपी असेल तर तुम्ही म्हणता तेच करा. मीही तसंच म्हणत होते. नणंद डोंबिवलीला आहे. पण तिच्या घरी दोन खोल्या, सासूबाई ८४ वर्षांच्या, आणि मी रेल्वेतून येणार. तिने "ये" म्हटलं, पण म्हणायला थोडा वेळ लागला. मी तो वेळ ऐकला आणि नको म्हटलं. तिचं काही चुकलं नाही. या वर्षी कुणाच्या घरी जाताना माणूस दहा वेळा विचार करतो.

तुमच्याकडे वेगळी खोली देऊ शकणारं कुणी असेल तर जरूर आधी न्या.

---

सिव्हिलची_सिस्टर | १० नोव्हेंबर २०२१, सकाळी ७:१५

मी धुळ्याला परिचारिका आहे, गेल्या वर्षी अनेक महिने स्वॅब घेण्याच्या ड्युटीवर होते. ताईंनी त्या मुलाशी जसं बोलणं केलं त्याबद्दल त्यांचे आभार. आम्हाला फोन येतात ते बहुतेक शिव्यांनी सुरू होतात.

दोन-तीन गोष्टी सांगते, कारण यावर गैरसमज फार आहेत.

दुपारच्या आत दिलेला नमुना त्याच दिवशीच्या फेरीत लागतो. संध्याकाळी दिलेला बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीच्या. जिथे स्वतःचं यंत्र नाही, तिथे नमुना बर्फाच्या डब्यातून नाशिक, पुणे नाहीतर मुंबईला जातो. त्यामुळे नमुना देण्याआधी हा एकच प्रश्न विचारा: तपासणी इथेच होते की बाहेर जाते? "२४ तासांत मिळेल" हे उत्तर पुरेसं नाही.

दुसरं, ज्यांना गेल्या दोन-तीन महिन्यांत कोविड होऊन गेला त्यांनी खास काळजी घ्या. माणूस पूर्ण बरा झालेला असतो, त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही, तरी विषाणूच्या आरएनएचे तुकडे नाकाघशात काही आठवडे राहू शकतात. पीसीआर जिवंत-मेलेला असा भेद करत नाही, तुकडा सापडला की पॉझिटिव्ह. अशांनी प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी एक तपासणी स्वतःसाठी करून घ्यावी, म्हणजे कुठे उभे आहोत ते कळतं. मगच तिकीट पक्कं करा.

तिसरं, अहवालावर नमुना घेतल्याची वेळ, अहवालाची वेळ, पासपोर्टवर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, क्यूआर. २२ मेपासून आपल्याच सरकारने बाहेर जाणाऱ्यांच्या अहवालावर क्यूआर सक्तीचा केला, कारण खोटे अहवाल फिरत होते. क्यूआर तुमच्याच फोनवर उघडून पाहा. तो मूळ अहवालावर जायला हवा. काही वेळा नुसती वेबसाइट उघडते, ते चालत नाही.

---

खानदेशी_शारजात | १० नोव्हेंबर २०२१, रात्री ११:५०

ताई, तुम्ही त्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाबद्दल लिहिलं. सप्टेंबरमध्ये तो माणूस मी होतो.

मी अमळनेर तालुक्यातला, इथे वेल्डर, सहा वर्षं झाली. एप्रिलमध्ये वडील आजारी म्हणून गेलो आणि वाट बंद झाली. पाच महिने गावी. पगार बंद. ऑगस्टमध्ये उघडलं, कंपनीने परवानगी काढली. घरचा अहवाल निगेटिव्ह, विमानतळावर रॅपिड पॉझिटिव्ह. मला ना ताप ना खोकला. ते म्हणाले नियम आहे, जाता येणार नाही. बॅग घेऊन बाहेर आलो. बाहेर त्याच दिवशी दुसरीकडे पैसे भरून आरटीपीसीआर केली, दुसऱ्या दिवशी तो निगेटिव्ह आला. पण विमान गेलेलं.

घरी फोन करायची हिंमत होत नव्हती. बायकोने दागिना ठेवून तिकीट काढलेलं. दोन रात्री फलाटाबाहेर काढल्या. मग सुरतहून चुलतभाऊ आला, सुरत-जळगाव तापी लाइनने घरी घेऊन गेला. बारा दिवसांनी परत आलो, तेव्हा सुरळीत झालं.

माझं सांगणं एवढंच की तिकीट काढताना दहा पैसे जास्त गेले तरी चालतील, पण तारीख बदलता येणारं तिकीट काढा. आणि एकटं जाणाऱ्याने परतीच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. ते वापरावे लागू नयेत, पण असावेत.

---

तापीकाठची | ११ नोव्हेंबर २०२१, सकाळी ९:३०

@खानदेशी_शारजात, भाऊ, काल रात्री वाचलं तेव्हा लेकीला आणि जावयांनाही वाचून दाखवलं. तुम्ही इथून अर्ध्या तासावर आहात. शुक्रवारी सुटी असेल तर जेवायला या. मी कळण्याचं पीठ आणलं आहे. भाकरी आणि ठेचा करीन. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.

@सिव्हिलची_सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी छापून फाइलमध्ये लावणार आहे, परतीच्या वेळी लागेल.

एक राहिलं. बाळंतिणीसाठी खाऊ नेणाऱ्या बायांनो, खसखस नेऊ नका. तिकडे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, चिमूटभरही चालत नाही. आपल्या डिंकाच्या लाडवात खसखस असतेच असते. मी लाडू वळायला बसले होते आणि मोठ्या जाऊबाईंनी सवयीने वाटी पुढे केली. लेकीने आदल्या दिवशीच बजावलं होतं म्हणून लक्षात राहिलं. खोबरं, खारीक, डिंक, हळीव, सुंठ, गोडंबी यांना कुणी काही म्हटलं नाही. दराबा हा आपला गोड पदार्थही नेला. गोळ्या-औषधं नेणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, आणि खोकल्याच्या औषधात कोडीन नाही ना, ते पाहून घ्या.

---

सातपुडा_पायथा | १३ नोव्हेंबर २०२१, दुपारी १२:२०

ताई, भलतं भारी लिखं तुम्ही. वाचता वाचता डोयामा पानी उनं. मन्ही माय बी पुढला महिनामा एकली जाई ऱ्हायनी, मन्हा भाऊकडे. तिले तुमनं सगळं वाची दाखाडं. ती म्हने, "ती बाई गई ना, मंग मी बी जासू."

(बाकीच्यांसाठी मराठीत: आई आधी नाही म्हणत होती. आता कागद जमवायला लागली आहे. आणि एसटी बंद असल्याने शहाद्याहून जळगावला नमुना द्यायला कसं जायचं हा नवाच प्रश्न आहे. खासगी गाडीवाले दुप्पट मागतात.)

---

गिरणाकाठ | १३ नोव्हेंबर २०२१, दुपारी २:००

@सातपुडा_पायथा, शहाद्याहून जळगाव कशाला, धुळे जवळ नाही का? सिस्टरना विचारा. संप कधी मिटेल सांगता येत नाही, आमच्या आगारात एकही गाडी हललेली नाही. मी आईला आधी औरंगाबादला नेणार होतो, तिकडे मावशी आहे. पण ३१ ऑगस्टच्या पुरात कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या, त्यानंतर तो रस्ता अजून भरवशाचा वाटत नाही. तिला घेऊन रात्रीचं त्या घाटातून जायची माझी तयारी नाही. रेल्वेच बरी.

---

सिव्हिलची_सिस्टर | १३ नोव्हेंबर २०२१, रात्री ९:१०

@सातपुडा_पायथा, धुळेच बरं पडेल. सकाळी ११ च्या आत आणा. व्यक्तिगत निरोप करते.

---

तापीकाठची | २४ नोव्हेंबर २०२१, सकाळी ६:५५

मुलगी झाली. काल रात्री. दोघी सुखरूप. दवाखान्यात आत एकालाच सोडत होते आणि जावयांनी मला जायला सांगितलं. त्यासाठीही आदल्या दिवशी पुन्हा नाकात काडी घालून घेतली. मी मोजली आहे, एका महिन्यात ही चौथी.

ह्यांना व्हिडिओवर दाखवली. ते शेतात होते, ओंजळीत कापूस होता, तो तसाच धरून बघत राहिले.

---

खानदेशी_शारजात | २४ नोव्हेंबर २०२१, दुपारी १:३०

अभिनंदन ताई. शुक्रवारी पेढे घेऊन येतो. त्या दिवशीच्या भाकरीनंतर माझ्या खोलीतली चौघं रोज विचारतात, मावशी कुठल्या गावच्या.

---

गिरणाकाठ | २८ नोव्हेंबर २०२१, रात्री १०:३०

ताई, अभिनंदन. पण आता काय करू ते सांगा. आईचं तिकीट १४ डिसेंबरचं आहे. शुक्रवारी जागतिक आरोग्य संघटनेने तो नवा प्रकार जाहीर केला, ओमायक्रॉन. त्याच दिवशी आपल्या सरकारने १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू करणार म्हणून सांगितलं होतं. आता टीव्हीवर सगळंच उलटसुलट. आई म्हणते, रद्द कर.

---

सिव्हिलची_सिस्टर | २९ नोव्हेंबर २०२१, सकाळी ६:४०

@गिरणाकाठ, आज रद्द करू नका आणि आज पक्कंही धरू नका. टीव्ही बंद करा. विमान कंपनीचं पान आणि तिकडच्या सरकारचं पान, एवढी दोनच रोज सकाळी एकदा बघा. आईच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत ना? मग मास्क नीट बसणारा घ्या, कापडाचा नको, एन९५ घ्या, आणि गाडीत घरचंच पाणी.

---

गिरणाकाठ | १ डिसेंबर २०२१, रात्री ९:५५

१५ डिसेंबरचा निर्णय पुढे ढकलला. पण आईचं विमान एअर बबलमधलं (दोन देशांच्या आपसातल्या खास करारातलं) आहे, कंपनी म्हणते ते जाणार. घरात दोन पक्ष पडलेत. मी आईलाच विचारलं, शेवटचं. ती म्हणाली, "त्या मास्तरीणबाईंना विचार, परत जायची वेळ आली तर त्या पुन्हा गेल्या असत्या का?"

---

तापीकाठची | २ डिसेंबर २०२१, पहाटे ५:२०

@गिरणाकाठ, आईला सांगा, गेले असते. पण त्यांना हेही सांगा की मी घाबरले होते. इगतपुरीनंतर तर खूप. फोनमध्ये जपून ठेवलेले चार नंबर आणि वहीत लिहिलेल्या वेळा, यांच्यावर माझी ती रात्र निभावली.

त्यांच्यासाठी एक वही करा. पहिल्या पानावर विमानाची वेळ. तिथून मागे मोजत या: ६ तास, ४८ तास, गाडीची वेळ, नमुन्याची वेळ. मोठ्या अक्षरात, मराठीत. दुसऱ्या पानावर चार नंबर: तुमचा, भावाचा, लॅबमधल्या माणसाचा, मुंबईतल्या कुणाचा तरी. फोनची बॅटरी संपली तर वही संपत नाही. अहवालावर वेळ नसेल तर स्टेशन सोडू नका.

आणि तिला म्हणावं, विमानतळावर शेजारी जो बसेल त्याच्याशी बोला.

---

तापीकाठची | ३० जानेवारी २०२२, सायंकाळी ५:००

मी परत आले. २० तारखेला उतरले. परतीचा हिशोब सोपा होता: ७२ तासांतला अहवाल, एअर सुविधा पोर्टलवर तो चढवून अर्ज. दुबईत लॅब घराखालीच, त्यामुळे जळगावची ती रात्र पुन्हा काढावी लागली नाही. ११ जानेवारीपासून बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना ७ दिवस घरात थांबायचा नियम होता आणि आठव्या दिवशी तपासणी. मी मळ्यातल्या खोलीत राहिले. हे रोज सकाळी बांधावर खुर्ची टाकून बसायचे आणि मी दारातून नातीबद्दल सांगायचे. आठव्या दिवशीचा अहवाल निगेटिव्ह, तोही पोर्टलवर टाकला.

@गिरणाकाठ, तुमच्या आईचं काय झालं ते इथे लिहिलंच नाही तुम्ही. रोज पाहत होते.

---

गिरणाकाठ | ३० जानेवारी २०२२, रात्री ८:४५

ताई, चुकलंच. आई गेली, १४ लाच. वही घेऊन. नमुना धुळ्याला सिस्टरांच्या ओळखीने, गाडीत मी कल्याणपर्यंत बरोबर होतो, पुढे ती एकटी. विमानतळावरून तिचा पहिला फोन आला तो असा: "अहवालावर वेळ लिहिलेली आहे, सकाळी ९:४०. मी दोनदा पाहिली. आणि इथे शेजारी शहाद्याच्या एक बाई बसल्यात, त्या पण एकट्याच चालल्यात, त्यांचा मुलगा तुमच्या त्या धाग्यावर लिहितो म्हणे."